काठी धरणारी

"हाय का?" मी पुढून ओरडलो.

"हाय, हाय. तू चाल की," मागून विश्राम म्हणाला.

बांबू उडीची काठी एकट्यानं न्यायची नसते. एक जण पुढं, एक जण मागं, असं दोघांनी खांद्यावर घेऊन जायचं. पुढच्याला मागं बघायची सोय नाही. तो वळला की काठी वळते आणि कुणाच्या तरी दारातली घागर फोडते. म्हणून बोळाचं टोक आलं की त्यानं "वळण" अशी हाक द्यायची आणि मधूनमधून "हाय का?" म्हणून विचारायचं. मागच्यानं "हाय" म्हणायचं. आमच्या कराडच्या बुरूड आळीतली ही रीत. विश्राम ती तिथं शिकला आणि त्याच्या नादानं मी शिकलो.

जिल्ह्याच्या स्पर्धेच्या त्या सकाळी रस्त्यावरची माणसं थांबून आमच्याकडं बघत होती, आणि ध्यानही बघण्यासारखंच होतं. पुढं मी, दस्तगीर मुजावर, मराठीचा मास्तर, ढेरी सांभाळत निघालेला. मागं विश्राम डुबल, हायस्कूलचा कवायत मास्तर आणि जिल्ह्याच्या मैदानी खेळ संघटनेचा सचिव. पांढरी पँट, पांढरा शर्ट, गळ्यात शिट्टी, छातीवर बिल्ला. दोघंही पंचावन्नच्या घरात आणि खांद्यावर आमच्या तरुणपणातली म्हातारी काठी.

"विश्राम, ही काठी प्रदर्शनात ठिवायची म्हनालास न्हवं?" मी विचारलं.

"व्हय."

"मग हिला करडईचं तेल कशाला पाजलंस? आन् बुडाला नवी दोरी कशाला गुंडाळलीस? प्रदर्शनात काय ती धावायची हाय?"

मागं तो नुसताच खाकरला. "हाय का?" मी मुद्दाम विचारलं. "हाय," तो म्हणाला, एवढंच.

मैदानावर पोचलो. मांडवामागं काठी अलगद टेकवली आणि मी त्याचा दंड धरला. "खरं सांग. उडी मारायचा बेत हाय न्हवं तुझा?"

"एकच."

"बरगडी मोडंल."

"मोडली तर तू माईकवरनं सांग, सचिव पडले म्हणून. तुझा आवाज एरवीबी फुकटच जातोय."

जिल्ह्याच्या स्पर्धांना माईक माझ्याकडं असायचा, गेली वीस-बावीस वर्षं. हा टोमणा जुना होता, मी मनावर घेतला नाही. "आजच का सुचलं हे?" मी विचारलं.

"पुढल्या वर्सापास्नं बांबू बंद. शेवटची उडी म्हणून."

बांबू बंद होणार हे खरं होतं. कुठल्याशा जिल्ह्यात उडी मारताना बांबू चिरला आणि एका पोराच्या कुशीत घुसला. तेव्हापासून राज्याचा ठराव झाला, की यापुढं काचतंतूच्या, म्हणजे फायबरच्या, काठ्या आणि कंबरभर जाडीच्या गाद्या असतील तरच ही स्पर्धा घ्यायची. आमच्याकडं दोन्ही नव्हतं. ठरावाला अनुमोदन विश्रामनंच दिलं होतं. घरी येऊन दोन दिवस नीट जेवला नाही, पण हात वर करताना कचरला नव्हता.

"बांबू गेल्या वर्षीबी हुता," मी म्हणालो. "त्येच्या आदीबी हुता. तवा तुला उडी आठवली न्हाई. आज पाव्हणी म्हणून शालन येणार म्हटल्यावर आठवली. मी धडे शिकवतो विश्राम, मला वाचता येतं."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. या वयात! तो फाटकाकडं बघत राहिला आणि मग हळूच म्हणाला, "एकदाच दस्त्या. ती काठीपाशी हुभी असताना एकदा. मग मी काय मागत न्हाई कुनाकडं."

मी त्याची कॉलर नीट केली आणि माईक लावायला गेलो.

विश्रामसारखा खेळाडू आमच्या भागानं पुन्हा बघितला नाही. अडथळ्यांची शर्यत, लांब उडी, गोळा, थाळी, भाला, जिथं उभा कराल तिथं पहिल्या तिघांत. एका स्पर्धेत तर गोळा टाकून तसाच पळत जाऊन त्यानं उंच उडी मारली होती आणि दोन्हींत नंबर काढला होता. पुरात कृष्णेत उडी घेऊन पलीकडं जायचा तो वेगळाच. त्याचा थोरला भाऊ म्हणायचा, "एक ना धड, भाराभर चिंध्या!" ते तितकंसं खोटंही नव्हतं. सगळं येत होतं म्हणून एकातच बुडी मारून बसणं त्याला जमलं नाही. जमलं असतं ते फक्त बांबू उडीत. तिच्यात त्याचा जीव होता.

पाय थकले तसा तो संघटनेत आला आणि सचिव झाला. त्याच्या कचेरीत भिंतीवर ग्रीक थाळीफेक्याचं एक कॅलेंडर होतं, साल सरून किती वर्षं झाली तरी उतरवलेलं नाही. मी त्याला 'तुझा उघडा पाव्हणा' म्हणायचो. ग्रीक लोक जिंकणाऱ्याला पानांचा मुकुट घालायचे हे विश्रामनं कुठंतरी वाचलं, आणि आमच्या जिल्ह्यात अष्टपैलू खेळाडूला आंब्याच्या टहाळ्याचा मुकुट घालायची प्रथा त्यानं पाडली. मुंग्या असायच्या त्यात, पण पोरं खुशीनं घालायची. नियमाला मात्र तो लोखंड होता. सख्ख्या पुतण्याचा पाय रेषेवर पडला म्हणून त्याला त्यानं शर्यतीतून काढलं. भावजयीनं त्या दिवाळीला फराळाला बोलावलं नाही, तरी हा आपला निर्धास्त. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "येळ कुठं हाय?"

शालनचं नाव त्यानंच सुचवलं होतं. दरवर्षी बक्षिसं द्यायला कारखान्याचे चेअरमन नाहीतर एखादा पुढारी. त्या वर्षी बैठकीत विश्राम खाली मान घालून म्हणाला, "गडहिंग्लजला एक मुख्याध्यापिका आहेत. मूळच्या इथल्याच." जणू नगरपालिकेच्या नळाबद्दल बोलतोय. मला चहाचा ठसका लागला.

ती दुपारच्या आत एसटीनं आली. हिरवं इरकल, डोळ्यांवर चष्मा, हातात छत्री, केस पांढरे. मी तिला तीस वर्षांनी बघत होतो, पण चालणं तेच, जरा पुढं झुकून, डोक्यावर काही असल्यासारखं. विश्राम पुढं झाला. सकाळपासून त्यानं काय काय घोकलं असेल ते अल्ला जाणे, तोंडातून निघालं ते हे:

"या बाई. प्रवास बरा झाला?"

"बरा झाला, डुबलसर. गर्दी नव्हती."

शाळा तपासायला साहेब यावेत तसे दोघं एकमेकांशी बोलले. तेवढ्यात तिला मांडवामागची काठी दिसली. ती तशीच काठीकडं गेली आणि एका पेरावरून तळवा फिरवला.

"तात्यांची काठी," ती म्हणाली. "फुटली नाही अजून?"

"फुटू दिली न्हाई," विश्राम म्हणाला, आणि कुणीतरी हाक मारल्यासारखं करून तिथून निघून गेला. हाक कुणीच मारली नव्हती.

दुपारी बांबू उडी सुरू झाली. शेवटची म्हणून गर्दी झाली होती. एका कॉलेजच्या पोरानं झकास उडी मारली. तो दांडीवरून पलीकडं गेला, पण त्यानं सोडलेली काठी मागं पडायच्या ऐवजी दांडीकडं कलली. बाजूला काठी धरायला त्याचा दोस्त उभा होता. त्यानं झडप घालून ती धरली. दांडी जागच्या जागी राहिली. टाळ्या पडल्या, आणि पंच म्हणून उभ्या असलेल्या विश्रामची लाल झेंडी वर गेली.

"सर, दांडी पडली नाही!" दोस्त ओरडला.

"काठी दांडीकडं चालली हुती. तू धरली नसतीस तर पडली असती. काठी मागं पडत असंल तरच धरायची. दांडीकडं झुकली की हात लावायचा न्हाई. लावला की उडी बाद."

"पण सर, मित्र आहे माझा. डोळ्यांदेखत कशी पडू देऊ?"

गर्दी हसली. विश्राम हसला नाही. "बघवत नसंल तर डोळं मिट," तो म्हणाला. "हात लावू नगंस."

मी मांडवाकडं बघितलं. शालन मांडीवरच्या छत्रीची मूठ घट्ट धरून बसली होती, आणि शेजारचे अध्यक्ष तिला काहीतरी सांगत होते ते तिच्या कानापर्यंत पोचत नव्हतं. मला कळलं, तिला काय आठवलं ते. तिथल्या माणसांत ते आता फक्त आम्हा तिघांनाच आठवत असणार.

शालन ही गणूतात्या बुरुडाची मुलगी. तात्या सुपं, टोपल्या, शिड्या करायचे आणि बांबूची पारख त्यांच्याइतकी आळीत कुणाला नव्हती. विश्रामला ही काठी त्यांनीच निवडून दिली, भरीव आणि सरळ. अट एकच घातली. "बांबूला उंचीचं भ्या नसतंय पोरा, पडायचं असतंय. टणक भुईवर चार बारीला आदळला की चीर जाती." म्हणून सरावाला ते लेकीला घेऊन यायचे. स्वतः बांधावर बिडी ओढत बसायचे आणि तिला सांगायचे, "उडी त्येची, काठी आपली. पडू दिऊ नगंस."

तेव्हा ती मॅट्रिकला होती, आळीतली पहिलीच. रोज सकाळी ती भुशाच्या खड्ड्याशेजारी उभी राहायची. विश्रामनं काठी सोडली रे सोडली की हिच्या हातात. तो वर बघायचाच नाही, खाली पडता पडता तिच्याकडं बघायचा. दोन वर्षं हे चाललं. मी दुसऱ्या बाजूला उभा असायचो, पण माझ्याकडं बघायला कुणाला सवड होती!

मग राज्याच्या संघाची निवड आमच्याच मैदानावर ठरली. आदल्या दिवशी माझ्यासमोर विश्राम तिला म्हणाला, "उद्या उडी झाली की सांजच्याला तात्याकडं येतो. दस्त्याला घिऊन. रीतसर." डुबलांच्या घरात आधीच आग लागली होती. बुरुडाची पोर घरात आणलीस तर तुझं आमचं पाणी तुटलं, असं थोरल्यानं बजावलं होतं. विश्रामनं त्याला भीक घातली नव्हती. शालननं मान खाली घातली आणि म्हणाली, "मी हाय काठीपाशी."

दुसऱ्या दिवशी सगळा गाव लोटला. शेवटच्या उंचीवर विश्राम अख्खा वरून गेला. काठी मात्र जागेवर उभी राहिली, डुलली आणि दांडीकडं झुकली. शालनचे दोन्ही हात पुढं आलेले मी पाहिले. मग तिनं ते मागं घेतले आणि पाठीशी धरले. काठी दांडीला लागली, दांडी खाली. लोक हळहळले. विश्राम भुशातून उठला तो दांडीकडं बघत नव्हता, शालनकडं बघत होता. बायकापुरुष तिलाच बोलायला लागले. "हात घालाया काय झालं हुतं गं? पंचाचं ध्यानसुद्धा न्हवतं!" शालननं काठी उचलून भिंतीला नीट टेकवली आणि ती घरी गेली.

संध्याकाळी मी धुतलेला सदरा घालून विश्रामकडं गेलो. तो भिंतीकडं तोंड करून पडला होता.

"चल की. तात्या वाट बघत्याल."

"न्हाई येत."

"अरं, उडी काय, पुढल्या वर्सी मारशील."

"तिनं हात मागं घेतला, दस्त्या," तो म्हणाला. मी चिडलो, विनवलं, शेवटी नाद सोडला. उडी हुकल्याचं दुःख आहे, चार दिवसांत निवळेल, असं मला वाटलं. निवळलं नाही. अक्षय्यतृतीयेला शालनचं लग्न झालं, गडहिंग्लजकडच्या एका शिक्षकाशी. आळीत बोभाटा झाला, की डुबलाच्या पोरानं घरच्यांपुढं शेपूट घातलं. विश्रामनं ते ऐकून घेतलं. काठी मात्र त्यानं घरी नेली, आणि तात्यांनीही ती कधी परत मागितली नाही.

तर ते सगळं मांडवातल्या त्या खुर्चीवर बसलं होतं, हिरवं इरकल नेसून.

पोरांच्या उड्या संपल्या. विश्राम माझ्याकडं आला. गळ्यातली शिट्टी काढली, बिल्ला काढला आणि दोन्ही माझ्या खिशात घातलं.

"आता मी सचिव न्हाई," तो म्हणाला.

"मग जा, सांग तिला, काठीपाशी ये म्हणून."

तो मांडवाकडं बघत उभा राहिला. पाऊल काही उचलेना. भर पुरात उडी घेणारा गडी, पण तिथं त्याचं घोडं अडलं. शेवटी म्हणाला, "जाऊ दे. कॉलेजचं एकादं पोरगं हुभं कर."

मी माईक तोंडाशी धरला. "मंडळी, आता या मैदानावरची शेवटची बांबू उडी. उडी मारणार आहेत विश्राम डुबल. आणि काठी धरायला येत आहेत आजच्या प्रमुख पाहुण्या, शालनबाई!"

विश्रामनं माझ्याकडं असं बघितलं की बस्स. पण शालन उठली होती. छत्री तिनं अध्यक्षांच्या हातात दिली, पदर खोचला आणि मांडवाच्या पायऱ्या उतरून आली. कुठं उभं राहायचं ते कुणी सांगितलं नाही. ती बरोबर त्या जागेवर जाऊन उभी राहिली.

दांडी आठ फुटांवर लावली होती. तरुणपणी एवढ्या उंचीला विश्राम उडी म्हणायचा नाही. तो काठी घेऊन निघाला, आणि मी तुम्हाला सांगतो, पहिल्या पावलापासून माझी पाचावर धारण बसली. धावता धावता त्याचं वय मागं पडत गेलं. काठी रोवली, म्हातारी करकरली, मी डोळे मिटले. उघडले तेव्हा तो दांडीच्या वर होता. पोट घासलं असेल नसेल, पण तो पलीकडं गेला.

आणि काठी दांडीकडं झुकली.

शालन एक पाऊल पुढं आली आणि दोन्ही हातांनी काठी धरली. लपवून नाही, चोरून नाही. सगळ्या जिल्ह्यादेखत काठी धरून छातीशी घेतली. दांडी हललीसुद्धा नाही.

काय टाळ्या पडल्या! शिट्ट्या, आरोळ्या, टोप्या वर. विश्राम भुशातून उठला. त्याच्या जागी पंच म्हणून बसलेला तरुण मास्तर दोन्ही झेंड्या घेऊन गोंधळला होता. सचिवाच्या उडीला कुठली दाखवायची? विश्राम त्याच्याकडं गेला, त्याच्या हातून लाल झेंडी घेतली आणि स्वतःच वर धरली.

मी माईकची वायर ओढत तिथवर पोचलो होतो.

"हात लागला," विश्राम म्हणाला.

"लागला नाही," शालन म्हणाली. "लावला."

मी माईकचं बटण बंद केलं. इतक्या वर्षांत भर स्पर्धेत मी ते कधी बंद केलं नव्हतं.

"बाई, नियम असा..."

"नियम ठाऊक आहे मला. तुम्हीच शिकवलाय."

विश्रामची झेंडी खाली आली. "मग त्या दिवशी का न्हाई लावलास?" तो म्हणाला. 'बाई' गेलं, 'सर' गेलं. तीस वर्षं ओठांशी अडलेला प्रश्न तो भुशानं माखलेल्या तोंडानं विचारत होता.

मग बोलली ती मुख्याध्यापिका नव्हती, बुरूड आळीतली शालन होती.

"त्या दिवशी उडी पायजे हुती तुमाला. मी हात लावला असता तर बाद झाली असती. पंचानं बघितलं नसतं, तर तुमीच लाल झेंडी मागितली असती. मला काय तुमी ठाऊक न्हवता? माझ्या हातानं तुमची उडी बाद करू? हात मागं बांधलं, डोळं मिटलं आन् म्हनलं, काठी मागं फिरू दे. न्हाई फिरली."

विश्रामनं तोंडावरचा भुसा पुसला. "मला वाटलं, तू न्हाई म्हनालीस."

"कशाला?"

"सगळ्यालाच."

"आवो, उडीला काठी धरली न्हाई म्हणून मानसाला न्हाई म्हनते व्हय कुनी?" ती म्हणाली. "सांजच्याला तात्या नवं धोतर नेसून वट्यावर बसलं हुतं. मी च्याचं आधण ठिवलं. ते आटलं. परत ठिवलं. दिवेलागणीला तात्या म्हनालं, डुबलाच्या घरानं आडवलं असंल पोरी, आता वाट बघू नगंस. मीबी तेच धरून बसले आजवर. घरच्यांनी आडवलं म्हणून."

विश्रामनं मान हलवली. "मला कुनी आडवलं न्हवतं," तो म्हणाला. "दारातसुद्दा कुनी हुभं न्हवतं."

मी माझ्या बुटांकडं बघत होतो. मलाच रडू येत होतं, त्या दोघांचं मला सांगता येत नाही. गर्दीतून हाका यायला लागल्या. "मुजावरसर, काय झालं? निकाल सांगा की!"

"काय सांगू?" मी विश्रामला विचारलं.

"बाद म्हण."

शालननं चष्मा काढून पदरानं पुसला. "बाद तर बाद," ती म्हणाली. "काठी पडू दिली न्हाई मी."

मी माईक चालू केला आणि सांगितलं, "उडी बाद." लोकांनी माझीच हुर्यो उडवली. केवढे संतापले होते, म्हातारा एवढा उडाला आणि याला बाद कसली सुचते! मी ऐकून घेतलं.

पुढं काय झालं असं मला अजून विचारतात. काही झालं नाही. शालनला मुलगा होता, सून होती, नातवंडं वाट बघत होती. ती संध्याकाळच्या एसटीनं गडहिंग्लजला गेली. विश्राम आणखी काही वर्षं सचिव राहिला, पोरांना आंब्याच्या पानांचे मुकुट घालत राहिला आणि गेल्या श्रावणात गेला. मैदानावर आता काचतंतूच्या काठ्या आणि गाद्या आहेत. पोरं आमच्या दुप्पट उंच जातात. काठी धरायला कुणाला उभं राहावं लागत नाही, ती आपटली तरी तिचं काही बिघडत नाही.

पण त्या दिवशी एसटीच्या आधी काठी घरी पोचवायची होती. मी सवयीनं पुढचं टोक उचलायला गेलो. शालननं ते आधीच खांद्यावर घेतलं होतं. विश्राम मुकाट्यानं मागं जाऊन उभा राहिला. मी छत्री घेऊन बाजूनं चालायला लागलो. उन्हं कलली होती. पुढं ती, मागं तो, आणि दोघांच्या मध्ये अख्खी काठी. फाटकाशी आल्यावर तिनं हाक दिली, "वळण!" विश्राम वळला. जुन्या बोळाच्या तोंडाशी ती जरा थांबली. मागं वळून बघायची सोय नव्हतीच.

"हाय का?" तिनं विचारलं.

खांद्यावरची काठी विश्रामनं दोन्ही हातांनी धरली.

"हाय," तो म्हणाला.